यंत्राच्या शक्तीचें कोष्टक

अहमदनगर जिल्ह्यांतील, म्हणजे २०२४ सालीं ज्याचें नांव अहिल्यानगर झालें त्या जिल्ह्यांतील, बागाइताचा मोठा भाग विहिरीच्या पाण्यावर अवलंबून आहे आणि विहिरीचें पाणी विजेच्या मोटारीवर. मोटार बिघडली म्हणजे शेतकरी मिस्त्रीला बोलावतो. आणि जाणता मिस्त्री हत्यारें बाहेर काढण्यापूर्वीं फडक्यानें पुसतो ती मोटारीच्या अंगावरील नेमप्लेट. अश्वशक्ति किती, विजेचा दाब किती व्होल्टचा, प्रवाह किती अँपिअरचा, मिनिटाला फेरे किती, एवढीच माहिती तेथें कोरलेली असते. परंतु स्टार्टर कोणता जोडावा, तार किती जाड घ्यावी आणि पंप कोणता लावावा हें सारें त्या चार आंकड्यांवरून ठरतें. पट्टी झिजून गेली असली तर मिस्त्रीला अंदाज करावा लागतो, आणि अंदाज चुकला तर वाइंडिंग जळतें. ही पट्टी म्हणजे यंत्र घडविणाऱ्यानें यंत्र चालविणाऱ्याला दिलेला शब्द होय. हाच शब्द संगणकाच्या यंत्रभागांविषयीं कसा दिला जातो, आणि तो खोटा ठरला तर काय होतें, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

विहिरीवरची मोटार चालू असते किंवा बंद असते. तिसरी अवस्था तिला नाहीं. म्हणून चार आंकडे पुरतात. ज्या यंत्राला अनेक अवस्था आहेत त्याला पट्टी पुरत नाहीं, कोष्टक लागतें. याचें उत्तम उदाहरण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला आहे. अकोले तालुक्यांत सह्याद्रीच्या माथ्यावर घाटघर येथें एक जलाशय आहे आणि घाटाखालीं ठाणें जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यांत दुसरा. दोहोंमध्यें सुमारें चारशें मीटरांची उंची आहे. त्यांना जोडणारें वीजघर डोंगराच्या पोटांत असून त्यांत प्रत्येकीं १२५ मेगावॉटचीं दोन यंत्रें आहेत. हा प्रकल्प २००८ सालीं कार्यान्वित झाला. विजेची मागणी उतरलेली असतां हीं यंत्रें वीज घेऊन खालचें पाणी वर चढवितात आणि मागणी वाढली कीं तेंच पाणी खालीं सोडून वीज परत देतात. पाणी चढवितांना चाक एका दिशेनें फिरतें, वीज निर्माण करतांना उलट दिशेनें. तेव्हां एका कामावरून दुसऱ्या कामावर जाण्यापूर्वीं यंत्र पुरतें थांबावें लागतें.

आतां ऐरोली येथें राज्य भार प्रेषण केंद्र आहे. महाराष्ट्रांतील कोणत्या वीजघरानें केव्हां किती वीज द्यावी याचा मेळ तेथें घातला जातो. तेथील अधिकाऱ्यानें घाटघरचें चाक डोळ्यांनीं पाहिलेलें असो वा नसो, त्याला चार गोष्टी निश्चित ठाऊक असाव्या लागतात. यंत्राच्या अवस्था किती. प्रत्येक अवस्थेंत शक्ति किती घेतली वा दिली जाते. एकींतून दुसरींत जाण्यास वेळ किती लागतो. आणि कोणतें स्थित्यंतर वर्ज्य आहे. या चार गोष्टी कागदावर नसतील तर उत्तम यंत्र आणि उत्तम अधिकारी असूनहि कारभार अंधारांत चालेल.

आजच्या संगणकाच्या आणि मोबाइलच्या पोटांतील चिप हें असेंच अनेक अवस्थांचें यंत्र आहे. फरक एवढाच कीं तेथील स्थित्यंतरें सेकंदाच्या लाखाव्या हिश्शांत मोजावीं लागतात. ऐरोलीच्या केंद्राचें काम तेथें ऑपरेटिंग सिस्टिम नांवाची कार्यप्रणाली करते. कोणतें काम आधीं, कोणतें मागाहून, कोणत्या भागाला किती वीज, हें ती ठरविते. प्रत्यक्ष कळ दाबणाऱ्या माणसाच्या जागीं ड्रायव्हर नांवाचा लहानसा प्रोग्रॅम असतो. पडद्याला एक, रेडिओला एक, चित्रें रंगविणाऱ्या भागाला एक, याप्रमाणें प्रत्येक यंत्रभागाला त्याचा त्याचा सारथी असतो. हा सारथी रथावर चढतो तेव्हां घोडे कसे आहेत हें त्याला उपजत ठाऊक नसतें. तें कोणीतरी लिहून द्यावें लागतें.

काय लिहून द्यावें लागतें हें समजण्यासाठीं चिपला वीज कां लागते हें पाहिलें पाहिजे. चिप घड्याळाच्या ठोक्यावर चालते. सेकंदाला दोनशें कोटी ठोके पडले म्हणजे ती दोन गिगाहर्ट्‌झवर चालते असें म्हणतात. ठोक्यागणिक चिपमधील असंख्य सूक्ष्म विद्युत्‌पात्रें भरतात व रिकामीं होतात, आणि त्यांत शक्ति खर्च होते. हा खर्च ठोक्यांच्या संख्येच्या प्रमाणांत आणि विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. यांतील वर्ग हा शब्द महत्त्वाचा आहे. समजा, एक चिप १.२ व्होल्टवर दोन गिगाहर्ट्‌झनें धांवत आहे. ठोके निम्मे केले, म्हणजे एक गिगाहर्ट्‌झ, आणि ठोके मंदावल्यामुळें दाबहि ०.९ व्होल्टवर आणतां आला. दाब पाऊणपट झाला, त्याचा वर्ग ०.५६ झाला, आणि ठोके निम्मे असल्यामुळें शक्तीचा खर्च मूळच्या सुमारें २८ टक्क्यांवर आला. कामाला दुप्पट वेळ लागला हें खरें. तथापि तेंच काम सुमारें ५६ टक्के ऊर्जेंत झालें. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राला हा लाभ लहान नव्हे.

मग चिप सदैव मंदच कां चालवूं नये? याचें उत्तर प्रवरेच्या कालव्यावरील शेतकरी देऊं शकेल. पाटाची धार बारीक ठेवली तर पुष्कळसें पाणी वाटेंतच मुरतें. पाट भरून सोडला तर तें शेवटच्या शेतापर्यंत पोंचतें, आणि मग पाट बंद ठेवतां येतो. चिपमध्येंहि अशी गळती असते. ठोका पडो वा न पडो, वीज जोडलेली आहे तोंवर थोडी शक्ति मुरतच राहते. म्हणून कधीं मंद चालणें फायद्याचें, तर कधीं काम झपाट्यानें उरकून गाढ झोंपीं जाणें फायद्याचें. कोणतें केव्हां, हें गणिताचें काम आहे. आणि गणिताला आंकडे लागतात.

झोंपेच्याहि पायऱ्या आहेत. हलकी झोंप म्हणजे ठोके थांबविणें. तिच्यांतून क्षणांत जागें होतां येतें, पण बचत थोडी. गाढ झोंप म्हणजे वीजच तोडणें. बचत मोठी, परंतु जागें होतांना सर्व मांडामांड पुन्हां करावी लागते, आणि त्या मांडामांडीलाहि ऊर्जा लागते. झोंपेचा अवधि फार थोडा असेल तर झोंपण्या-उठण्याचा खर्चच बचतीहून अधिक होतो. तेव्हां प्रत्येक पायरीपुढें तीन आंकडे हवेत: तेथें शक्ति किती लागते, तेथून उठण्यास वेळ किती लागतो, आणि निदान किती वेळ झोंपलें तर ती झोंप फायद्याची ठरते.

कोष्टकांत आंकड्यांप्रमाणेंच क्रमाचाहि नियम असतो. ठोके वाढवावयाचे असल्यास आधीं दाब वाढवावा व मग ठोके. कमी करावयाचे असल्यास आधीं ठोके उतरवावे व मग दाब. हा क्रम उलटा झाला तर क्षणभर चिप कमी दाबावर वेगानें धांवूं लागते. त्या क्षणीं तिच्या गणितांत चूक होते, आणि ती चूक कोठें जाऊन बसेल, पडद्यावरील एका ठिपक्यांत कीं बँकेच्या हिशोबांत, हें कोणालाहि सांगतां येत नाहीं.

हीं कोष्टकें लिहावयाचीं कोठें, या प्रश्नाचा इतिहास बोधप्रद आहे. आरंभीं तीं बहुधा ड्रायव्हरच्या पोटांतच लिहिलेलीं असत. एका चिपसाठीं एक सारथी होता तोंवर तें चालून गेलें. पुढें मोबाइलचा प्रसार झाला, एआरएम पद्धतीच्या चिप शेंकडों प्रकारच्या पट्ट्यांवर बसूं लागल्या, आणि प्रत्येक पट्टीसाठीं लिनक्स कार्यप्रणालीच्या गाभ्यांत नवी फाइल घालावी लागली. प्रत्येक बैलजोडीसाठीं नवा गाडीवान जन्माला घालावा तसा हा प्रकार झाला. २०११ च्या मार्च महिन्यांत लिनक्सचे जनक लिनस टोरव्हाल्ड्‌स यांनीं या पसाऱ्याविरुद्ध जाहीरपणें तीव्र नापसंती व्यक्त केली. त्यानंतर यंत्राचें वर्णन ड्रायव्हरच्या बाहेर, स्वतंत्र फाइलींत लिहिण्याची रीत झपाट्यानें रुळली. या वर्णनाला डिव्हाइस ट्री असें नांव आहे, आणि तिचें मूळ ओपन फर्मवेअर या १९९४ च्या प्रमाणांत सांपडतें. त्यांत चिपच्या प्रत्येक पायरीची एक ओळ असते: ठोके किती हर्ट्‌झ, दाब किती मायक्रोव्होल्ट, त्या दाबाची खालची व वरची मर्यादा कोणती, पायरी बदलण्यास किती अवधि लागतो. सारथी एकच राहतो. घोड्यांची वही तेवढी बदलते.

मेजावरच्या संगणकांनीं निराळी वाट धरली होती. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा या कंपन्यांनीं १९९६ च्या डिसेंबरांत एसीपीआय नांवाचा मसुदा प्रसिद्ध केला. २०१३ पासून त्याचा सांभाळ यूईएफआय फोरम ही संस्था करते. या मसुद्याप्रमाणें वर्णन संगणकाच्या फर्मवेअरमध्यें बसविलेलें असतें आणि कार्यप्रणाली जागी होतांच तें वाचते. उपकरणाच्या अवस्था डी-शून्यपासून डी-तीनपर्यंत मोजतात; डी-शून्य म्हणजे पुरतें जागें, डी-तीन म्हणजे जवळजवळ बंद. प्रोसेसरच्या झोंपेला सी हें अक्षर, आणि धांवण्याच्या पायऱ्यांना पी. पी-शून्य ही सर्वांत वेगवान. आंकडा वाढेल तसा वेग व खर्च उतरत जातो. धांवण्याच्या प्रत्येक पायरीसाठीं कोष्टकांत सहा रकाने आहेत: वेग मेगाहर्ट्‌झमध्यें, शक्ति मिलिवॉटमध्यें, पायरी बदलण्याचा काल, त्या बदलांत इतर भागांना मार्ग बंद राहण्याचा काल, त्या पायरीवर जाण्यासाठीं द्यावयाची आज्ञा, आणि आज्ञा पाळली गेली हें ओळखण्याची खूण. घाटघरसाठीं जे चार प्रश्न पडले त्यांपैकीं बहुतेकांचीं उत्तरें या सहा रकान्यांत आलीं आहेत हें श्रोत्यांच्या ध्यानांत येईल.

या व्यवस्थेचें मर्म कामाच्या वांटणींत आहे. कोष्टक फक्त काय शक्य आहे तें सांगतें. कार्यप्रणालीतील नियंत्रक काय इष्ट आहे तें ठरवितो. कोणी नियंत्रक सदा वेगाकडे झुकतो, कोणी सदा बचतीकडे, आणि कोणी कामाचा भार पाहून घडोघडीं निर्णय घेतो. सारथी तो निर्णय अमलांत आणतो. तिघांनीं आपापली मर्यादा पाळली म्हणजे त्यांतील एकाला बदलतांना इतर दोघांना हात लावावा लागत नाहीं.

परंतु वांटणी कितीहि शहाणपणाची असली तरी तिचा पाया कोष्टकाच्या खरेपणावर आहे, आणि खरें कोष्टक लिहिणें दिसतें तितकें सोपें नाहीं. एकाच वाफ्यांत एकाच बियाण्याची ज्वारी पेरली तरी सर्व कणसें सारखीं भरत नाहींत. एकाच तबकडीवर घडलेल्या दोन चिपहि तशाच असतात, एक ०.९ व्होल्टवर जें काम सुखानें करील त्यासाठीं दुसरीला ०.९५ लागतील. कारखानदार प्रत्येक चिप तपासून तिची प्रत ठरवितो आणि ती तिच्या अंगावर कायमची नोंदवितो. कोष्टकांत त्या प्रतींप्रमाणें निरनिराळे दाब दिलेले असतात, आणि सारथी आधीं चिपची प्रत वाचून मगच योग्य दाब घेतो. सर्वांना एकच दाब लिहिणें सोपें खरें. पण तो अशक्त चिपला पुरेल इतका चढा ठेवला तर सशक्त चिप व्यर्थ तापते, आणि सशक्त चिपच्या बेताचा ठेवला तर अशक्त चिप चुका करते.

मागणीचा आंकडाच चुकला तर काय होतें याचा दाखला ताजा आहे. इंटेल कंपनीच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या मेजावरील संगणकांसाठींच्या प्रोसेसरांपैकीं अनेक अचानक बंद पडूं लागले. २०२४ च्या जुलै महिन्यांत कंपनीनें मान्य केलें कीं, चिपच्या आंतील मायक्रोकोड नांवाच्या आज्ञावलींतील दोषामुळें प्रोसेसर चुकीचा, वाजवीहून अधिक दाब मागत होता. पुढच्याच महिन्यांत दुरुस्त आज्ञावली देण्यांत आली आणि वॉरंटीची मुदत दोन वर्षांनीं वाढविण्यांत आली. तथापि ज्या चिप अगोदरच झिजल्या होत्या त्या नव्या आज्ञावलीनें पूर्ववत् झाल्या नाहींत. प्रोग्रॅममधील इतर चुका पुसून टाकतां येतात. दाबाच्या आंकड्यांतील चूक धातूवर उमटते.

दुसरा दाखला कोष्टक गुप्त ठेवण्याविषयींचा आहे. बॅटरी जुनी झाली कीं एकाएकीं मोठा प्रवाह देण्याची तिची ताकद कमी होते, आणि अशा वेळीं चिप सर्वांत वरच्या पायरीवर गेली तर फोन तत्क्षणीं बंद पडतो. ॲपल कंपनीनें २०१७ च्या आरंभीं आपल्या जुन्या आयफोनांसाठीं अशी योजना केली कीं बॅटरी थकलेली असल्यास वरच्या पायऱ्या वापरावयाच्याच नाहींत. उपाय म्हणून ही योजना वाजवी होती. कारण यंत्राचें वय वाढतें तसें त्याचें वर्णनहि बदललें पाहिजे. परंतु फोन मंदावण्याचें हें कारण ग्राहकाला स्पष्टपणें सांगितलें गेलें नव्हतें. डिसेंबरांत तें उघड झालें तेव्हां कंपनीला जाहीर क्षमा मागावी लागली, बॅटरी बदलण्याची किंमत ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणावी लागली, आणि २०१८ सालीं बॅटरीची प्रकृति दाखविणारी सोय फोनमध्यें द्यावी लागली. बॅटरी बदलल्यानें जो फोन पुन्हां पूर्ववत् धांवला असता तो निकामी समजून नवा फोन घेणाऱ्यांचें नुकसान मात्र होऊन गेलें होतें.

हा विषय केवळ तज्ज्ञांचा आहे असें कोणास वाटेल. अकोले तालुक्यांतील एखाद्या डोंगरवाडींत घरटीं एकच मोबाइल असतो. सातबाराचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, बाजारभाव आणि मुलांचा अभ्यास, सारें त्याच एका यंत्रावर. वीज गेलेल्या दिवशीं तो सायंकाळपर्यंत टिकतो कीं दुपारींच मान टाकतो, हें पुष्कळ अंशीं त्या कोठल्यातरी कोष्टकांतील आंकड्यांवर ठरतें. एवढेंच नव्हे, तर तो फोन चार वर्षें चालणार कीं आठ, हेंहि कांहीं अंशीं तेथेंच ठरतें. कारखानदारानें लक्ष काढून घेतल्यावर जुन्या फोनवर नवी कार्यप्रणाली बसवूं पाहणारे स्वयंसेवक जगभर आहेत. ज्या यंत्राचें वर्णन खुल्या स्वरूपांत उपलब्ध असतें त्यावर त्यांचें काम चालतें. ज्याचें कोष्टक कारखान्याच्या कपाटांत बंद आहे त्याच्यापाशीं ते झिजलेल्या नेमप्लेटपुढें बसलेल्या मिस्त्रीसारखे होतात. दाब अंदाजानें लावण्याचें धाडस शहाणा मनुष्य करीत नाहीं, आणि चांगलें यंत्र अडगळींत पडतें.

यावरून कोष्टक लिहिणाऱ्याचीं तीन कर्तव्यें निष्पन्न होतात. पहिलें, तें पूर्ण असावें: वेग आणि दाब लिहून स्थित्यंतराचा काल व क्रम गाळणें म्हणजे घाटाची लांबी सांगून वळणें न सांगण्यासारखें आहे. दुसरें, तें खरें असावें: जें मोजलेलें नाहीं तें लिहूं नये, आणि यंत्राच्या वयाप्रमाणें व प्रतीप्रमाणें जें बदलतें तें बदलतें म्हणूनच लिहावें. तिसरें, तें सारथ्यापासून वेगळें आणि दुसऱ्याला वाचतां येईल असें असावें. कारण लिहिणारा आज कामावर आहे, तो उद्यां नसेल, परंतु त्याचें यंत्र कोणाच्या तरी हातांत चालत राहील. भारतांत चिप घडविण्याच्या कामाला सरकारनें अलीकडे मोठें उत्तेजन दिलें आहे, आणि या कामांत मराठी तरुण अभियंतेहि शिरत आहेत. त्यांना चिपचा आराखडा काढण्याचें शिक्षण मिळेल यांत शंका नाहीं. त्या आराखड्याबरोबर एक स्वच्छ, खरें आणि खुलें कोष्टक लिहून देण्याची शिस्तहि त्यांनीं प्रथमपासून अंगीं बाणवावी. त्या लहानशा कागदाला कोणी पारितोषिक देणार नाहीं. परंतु ज्याला त्या चिपवर विसंबून राहावें लागणार आहे त्याचें हित त्याच कागदांत सांठविलेलें आहे.